सरावाची सासू

मदत ही आपोआप होणारी गोष्ट नव्हे. आपोआप फार तर शिंक येते. मदतीला आधी धोरण लागतं, मग निधी, मग तो निधी कसा वापरावा याचं प्रशिक्षण, आणि हे सगळं उरकल्यावर वेळ उरलाच तर मदत घेणारं माणूस लागतं. पूर्वीच्या अडाणी काळात हा क्रम उलटा होता. कुणीतरी रडत दाराशी यायचं आणि घरातली बाई हातातलं काम टाकून तिला आत घ्यायची. या पद्धतीत फार दोष होते. रडणारीची नोंद राहत नसे, आत घेणारीकडे दाखला नसे, आणि दोघींपैकी कोणाचं किती सक्षमीकरण झालं हे मोजायला काही साधनच नसे.

आमच्या केंद्राने हे दोष मुळापासून काढून टाकले आहेत. घरात मारहाण आणि छळ सोसणाऱ्या बायकांसाठी हे मदत केंद्र आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, एक गॅलरी, आणि मागे निवाऱ्याची खोली. ज्या बाईला त्या दिवशी घरी परत जाणं धोक्याचं आहे, तिने तिथे राहायचं. निवाऱ्यात एक पलंग आहे. (मंजुरी चार पलंगांची आहे. उरलेले तीन मंजुरीत सुरक्षित आहेत.)

मी या केंद्राचा मानद चिटणीस. मानद म्हणजे काम आहे पण पगार नाही, आणि चिटणीस म्हणजे सही आहे पण अधिकार नाही. हे पद मी अत्यंत समाधानाने भूषवतो, कारण निवृत्त माणसाला घराबाहेर पडायला एवढं कारण पुरतं. केंद्राचा खरा गाडा तिघी ओढतात. मोठ्या ताई समुपदेशन करतात आणि केंद्र चालवतात. वकीलबाई कायद्याचं बघतात; त्यांचा एक पाय नेहमी कोर्टात असतो आणि दुसरा तिकडे निघालेला असतो. आणि फोनताई फोन घेतात. फोनताईंमध्ये एकच उणीव आहे. पलीकडची बाई रडली की त्याही रडतात. त्यामुळे कधी कधी पलीकडच्या बाईलाच यांची समजूत काढावी लागते, आणि मग तिला जरा बरं वाटतं. या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्यामुळे ती आम्ही अहवालात दाखवत नाही.

यंदा आमच्यावर निधीदात्यांची कृपा झाली. निधीचं शीर्षक होतं ‘सेवांचे बळकटीकरण’. पत्र आलं तेव्हा मोठ्या ताईंचा चेहरा फुलला. त्या म्हणाल्या, “चिटणीस, दुसरा पलंग घेऊ या.” मी रीतसर विचारणा केली. रीतसर उत्तर आलं, की पलंग ही सेवा आहे. निधी सेवेसाठी नसून बळकटीकरणासाठी आहे. पलंगाविषयीचं प्रशिक्षण चालेल. मग आम्ही जिन्यातल्या बंद दिव्याचं विचारलं. दिवा ही दुरुस्ती ठरते, परंतु अंधाराबाबत कर्मचाऱ्यांची संवेदनशीलता वाढवायची असल्यास तरतूद आहे, असं कळलं. या उत्तरांमागे फार खोल विचार असतो. सेवा काय, आज दिली की संपते. बळकटी मात्र माणसाच्या अंगी राहते.

अशा रीतीने आम्ही बळकट होऊ लागलो. चाकांचा पांढरा फळा आला. गळ्यात अडकवायची नावाची कार्डं आली. (आम्ही चौघं एकमेकांना ओळखत होतो. आता खात्री झाली.) गोलाकार बैठकीसाठी खुर्च्या आल्या. खोलीच्या मधोमध खांब असल्यामुळे गोल काही जमेना, तेव्हा आम्ही खांबाभोवती लंबगोल बसलो. मी खांबामागे येत असल्याने फळ्याचा डावा भाग आणि वकीलबाईंचा उजवा कान एवढंच मला दिसे. पण चिटणिसाने सगळंच बघायचं नसतं.

प्रशिक्षणंही एकाहून एक सरस झाली. ‘ऐकणे: पायरी पहिली’. ‘ऐकणे: पायरी दुसरी’ (या पायरीवर समोरच्याला बोलू द्यायचं असतं). ‘मौनाचा व्यावसायिक उपयोग’. ‘सहानुभूतीचे नियोजन’. ‘कामातील थकव्याचे व्यवस्थापन’ हे सत्र तर इतकं लांबलं, की ते संपलं तेव्हा व्यवस्थापन करण्याजोगा भरपूर थकवा आमच्यापाशी जमला होता. प्रशिक्षणाआधी आमची क्षमता बेचाळीस टक्के होती, नंतर ती एकोणऐंशी झाली. कशाची क्षमता, ते पत्रकात विचारलेलं नव्हतं, म्हणून आम्हीही खोलात गेलो नाही.

प्रशिक्षणाच्या दिवशी खाली दाराला पाटी लावायची जबाबदारी माझ्याकडे असे. पाटीवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘केंद्र बळकट होत असल्यामुळे आज बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

शेवटचं सत्र होतं प्रत्यक्ष सरावाचं, म्हणून मी खुर्ची खांबाआडून बाहेर ओढून घेतली होती. प्रशिक्षण देणारे एक तरुण गृहस्थ होते. त्यांना सगळे सर म्हणत, आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. खोलीत कुणी सुस्कारा टाकला तरी ऐकू जाईल इतकी ती लहान होती, पण सर गळ्याशी माइक लावून बोलत. हातात तीन रंगांची कार्डं आणि टेबलावर एक घंटी. त्यांनी सांगितलं, की आज एका हौशी नाटक मंडळीतून दोन नट्या येणार आहेत, एक पीडित आणि एक नातेवाईक. त्या आपलं दुःख मांडतील, आपण त्यांना हाताळायचं, आणि मग त्यांना आणि स्वतःला गुण द्यायचे. त्यांनी वेळ दिली होती अकराची.

अकराला दार ढकलून दोन बायका आत आल्या.

पुढची साठीच्या पलीकडची, हातात कापडी पिशवी. मागची तिशीतली, अंगावर चष्म्याच्या दुकानातला निळा अ‍ॅप्रन तसाच, आणि त्याचं टोक तिने मुठीत घट्ट धरलेलं. पुढचीने खालची पाटी वाचली नव्हती. वाचली असती तरी ती थांबली असती, असं नंतरच्या परिचयावरून मला वाटत नाही.

“इथे बायकांचं ऐकून घेतात ना?” तिने दारातूनच विचारलं.

“वा! एकदम भूमिकेत!” सर खूश झाले. “या, या. आम्ही तुमचीच वाट बघत होतो.”

हे ऐकून म्हातारीचा चेहरा सैल झाला. आपली कुणी वाट बघत असेल, असं तिला येताना वाटलं नसावं.

मोठ्या ताई सवयीने उठल्या आणि म्हणाल्या, “बसा आधी.” लगेच सरांनी लाल कार्ड वर केलं. ‘बसा’ हा आदेश होतो. पीडितेला आदेश देऊ नये, पर्याय द्यावा. तेव्हा मोठ्या ताईंनी घसा साफ करून पुन्हा सुरुवात केली. “आपल्याला बसायचंय, उभं राहायचंय, की ठरवायला थोडा वेळ हवाय?”

“बसतेच की बाई,” म्हातारी म्हणाली. “गुडघे बघा माझे.”

दोघी बसल्या. म्हातारीने पिशवी मांडीवर घेतली आणि फारशी प्रस्तावना न करता सांगून टाकलं. “ही माझी सून. माझा मुलगा हिला मारतो. चार दिवस हिला कुठेतरी नीट ठेवून घ्या. तोवर मी त्याच्याकडे बघते.”

सरांनी घंटी वाजवली आणि सुनेला बोलायला सांगितलं. ती बोलू लागली. म्हणजे तिचे ओठ हलताना दिसले. सर म्हणाले, “आवाज जरा मोठा हवा. मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे.” (मागची रांग म्हणजे मी.)

“मोठ्याने बोलायची सवय नाही,” ती म्हणाली. “आमच्याकडे आवाज चढला की पुढचं सुरू होतं.”

मग सर म्हणाले, “सुंदर! हे वाक्य सगळ्यांनी लिहून घ्या.” आम्ही सगळ्यांनी लिहून घेतलं.

त्यानंतर सुनेने बाही वर सरकवून मनगट दाखवलं. सर वाकून बघायला गेले. रंगभूषा मेहनतीने केलेली आहे, असं त्यांनी नमूद केलं. मात्र असे डाग जांभळे असतात, पिवळट नव्हे.

“आधी जांभळाच होता,” सून म्हणाली.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. खरा घोळ झाला तो सासूच्या पात्रापाशी. सरांनी सर्वांची मतं मागवली आणि सर्वांचं एकमत झालं, की सून एकवेळ पटते, पण सासू मुळीच पटत नाही. वकीलबाई म्हणाल्या, “एवढी वर्षं वकिली करतेय, मुलाविरुद्ध सुनेला घेऊन आलेली सासू माझ्या बघण्यात नाही. ज्याने हे लिहिलंय त्याला घरं माहीत नाहीत.” फोनताईंचे डोळे एव्हाना भरून आले होते, पण त्यांचं रडणं ग्राह्य धरण्याची पद्धत नाही.

सर म्हातारीला समजावू लागले. “तुम्ही सुनेला थोडं टाकून बोला ना. ‘हिचंही चुकतं’ असं एखादं वाक्य मधे घाला.”

“का म्हणून?”

“खरं वाटेल.”

“पण तिचं चुकत नाही.”

“ते झालं हो. पण खऱ्या आयुष्यात सासू अशी नसते.”

“मग मी कोण बसलेय इथे?” म्हातारी म्हणाली. “माझ्याच पोटचा आहे तो. मी नाही आणायची हिला, तर कोणी आणायची?”

सरांनी हजरजबाबीपणाला दहापैकी नऊ दिले आणि विश्वासार्हतेला दोन. सुनेला विश्वासार्हतेत चार मिळाले. आवाज लहान पडल्यामुळे तिचे गुण गेले.

मोठ्या ताई मात्र मघापासून त्या अ‍ॅप्रनच्या टोकाकडे बघत होत्या. सुनेची मूठ काही सुटत नव्हती. “सर, मला वाटतं...” असं त्या म्हणाल्या, तोच घंटी वाजली. त्यांची पाळी संपली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चिटणिसाने मान अशी हलवायची असते की तिच्यातून होकारही निघावा आणि नकारही. कोणता काढायचा ते ज्याचं त्याने बघावं. मोठ्या ताई गप्प बसल्या. बळकटीकरणाच्या आधी त्या असं गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

मग सरांनी दोघींना बिस्किटांचा एकेक पुडा आणि ‘सराव सत्रातील सहभागा’चं एकेक प्रमाणपत्र दिलं. (नावाची जागा कोरी. ज्याने त्याने आपली भरून घ्यायची.) “तुमचं काम छान झालं. आता निघालात तरी चालेल.”

म्हातारीने पुड्याकडे पाहिलं. “आणि हिची सोय?”

“तुमचं जे काही असेल ते चिटणीस मागाहून पोचतं करतील.”

“मागाहून? अहो, तो संध्याकाळी घरी येतो.”

“शेवट फार छान केलात!” असं म्हणून सरांनी टाळ्या वाजवल्या. सर वाजवतात म्हटल्यावर आम्हीही वाजवल्या. दोघी दारापर्यंत गेल्या, आणि म्हातारीने वळून एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. चुकून परक्याच्या लग्नात शिरलेलं माणूस बघतं तसं. मग ती सुनेचा हात धरून अंधाऱ्या जिन्याने खाली गेली. (अंधाराबाबत आम्ही तेव्हा पुरेसे संवेदनशील झालेलो होतो.)

अर्ध्या तासाने आणखी दोघी आल्या. धाकटी आली ती हंबरडा फोडूनच आली. थोरली तिच्यामागून ओरडत होती, “ही अवदसा माझ्या घरात आली आणि माझ्या लेकाचं वाटोळं झालं!”

सरांनी तत्काळ माइक बंद केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सराव संपला. हे खरं प्रकरण आहे. सगळ्यांनी नीट निरीक्षण करा.”

त्यानंतर जे झालं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. प्रशिक्षणाचं असं सोनं झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मोठ्या ताईंनी पाच पर्याय दिले. फोनताईंनी नियोजनपूर्वक सहानुभूती दाखवली. वकीलबाईंनी तिथल्या तिथे अर्ज लिहायला घेतला, आणि सासूच्या तोंडची एकेक शिवी ऐकून त्यांची मुद्रा उजळत गेली. अशी सासू भेटली की कायद्यावर विश्वास बसतो, असं त्या मला नंतर म्हणाल्या. धाकटी दोनदा बेशुद्ध पडली, दोन्ही वेळा खुर्ची बघून पडली. डॉक्टर बोलावले. निवाऱ्यातल्या पलंगावर धुतलेली चादर घातली आणि तिला तिथे निजवलं. पलंग भरला. सरांचे डोळे पाणावले होते. ते म्हणाले, “याला म्हणतात वास्तव.”

दुपार कलल्यावर धाकटी निवाऱ्यातून बाहेर आली. केस विंचरलेले, पावडर लावलेली. “चादर फार छान आहे हो तुमची,” ती म्हणाली. “एवढी तयारी कुठेच बघितली नाही. बस चुकली म्हणून उशीर झाला, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मानधन कुणाकडून घ्यायचं?”

प्रथम कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. मग सगळ्यांच्या एकदम आलं. फोनताई रडू लागल्या, आणि या वेळी पलीकडून समजूत काढायला कुणी नव्हतं. सरांनी वेळापत्रक काढून बघितलं. दोन्ही सत्रं तांत्रिकदृष्ट्या पूर्ण झाली आहेत, फक्त त्यांचा क्रम बदलला, असं त्यांनी आमच्या लक्षात आणून दिलं. मग ते पुढच्या प्रशिक्षणाला गेले. तिथला विषय होता ‘चुकांमधून शिकणे’.

मोठ्या ताई चपला घालून जिन्याला लागल्यासुद्धा होत्या. मी आणि वकीलबाई त्यांच्या मागून. वाटेत त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या: “संध्याकाळी घरी येतो म्हणाली हो ती.” मी काही म्हणालो नाही. मौनाच्या व्यावसायिक उपयोगाला मला चांगले गुण मिळाले होते. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला भीती वाटत होती.

निळ्या अ‍ॅप्रनवर चष्म्याच्या दुकानाचं नाव होतं. दुकानदार शटर ओढत होता. “आज अर्धी रजा घेऊन गेली, ती परत आलीच नाही,” तो म्हणाला. “चांगली आहे हो मुलगी. गिऱ्हाईकावर कधी आवाज चढवत नाही.” मग त्याने समोरच्या इमारतीकडे हात केला. “तिथेच राहते. तिसरा मजला.”

तिसऱ्या मजल्यावर आम्हाला दार शोधावं लागलं नाही. दाराबाहेर एक इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण उभा होता आणि जिन्यात खालपासून वरपर्यंत शेजारी उभे होते. झालं होतं ते एवढंच: केंद्रातून परतताना म्हातारीने वाटेत कुलूपवाला गाठला आणि घराचं कुलूप बदलून घेतलं. घर तिच्या नावावर होतं. (कुलूप ही सेवा नव्हे आणि बळकटीकरणही नव्हे, त्यामुळे हा खर्च कोणत्याही तरतुदीत बसत नाही.) मुलगा कामावरून आला, तर त्याची किल्ली चालेना. आत म्हातारी आणि सून. बाहेर तो.

“आई, दार उघड ना गं,” तो गोड आवाजात म्हणत होता. “लोक बघतायत.”

“बघू देत,” आतून आवाज आला. “इतकी वर्षं ऐकत होते. आता बघतील.”

तेव्हा त्याचा गोडवा संपला आणि त्याने दारावर मुठी आपटायला सुरुवात केली. त्या आवाजाने शेजाऱ्यांमध्ये एकदम जागृती झाली. असा लोकसहभाग मी आजवर कोणत्याही कार्यक्रमात पाहिला नव्हता. एक गृहस्थ हातात टीव्हीचा रिमोट तसाच घेऊन आले होते. एक बाई अर्धी वेणी घालून आली होती. “आजी, उघडा हो दार, जिन्यात तमाशा नको!” “पोरांच्या परीक्षा आहेत, काही विचार करा!” “आईने असं करावं का?” अशा अनेक रचनात्मक सूचना आल्या, आणि सगळ्या दाराच्या दिशेने गेल्या. मुठी आपटणाऱ्याच्या दिशेने एकही गेली नाही.

रिमोटवाले गृहस्थ मोठ्या ताईंना म्हणाले, “बघा ना, इतकी सज्जन इमारत आमची. असला आवाज कधी ऐकला नाही.”

“आतून कधीच नाही?” ताईंनी विचारलं.

“आतलं ज्याचं त्याचं असतं हो,” ते म्हणाले. “जिना सगळ्यांचा आहे.”

मोठ्या ताई माणसांमधून वाट काढत वर गेल्या, आणि त्या तरुणाच्या व दाराच्या मधे, उंबऱ्यापाशी फतकल मारून बसल्या. पाठ दाराला. त्यांनी त्याला एकही पर्याय दिला नाही.

“तुम्ही कोण?” त्याने विचारलं.

“मी मदत केंद्रातून आलेय. आणि हे आमचे चिटणीस.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. या वेळी ती ठरावीक दिशेने हलली असावी, कारण तो एक पायरी खाली सरकला. (वकीलबाई शेजारी उभ्या राहून पोलिसांना फोनवर पत्ता सांगत होत्या, त्यामुळेही सरकला असेल. श्रेय वाटून घेतलेलं बरं.) पोलीस आले, त्याला घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात वकीलबाईंनी कोर्टातून त्याला घराच्या आसपास न फिरकण्याचा हुकूम मिळवला. सून तिथेच राहते, दुकानात जाते. निवाऱ्याची तिला गरज पडली नाही, हे बरंच झालं. पलंग त्या सकाळीही रिकामाच होता; पुन्हा वेळ आली असती तर आम्ही त्याचं काय केलं असतं याची मला अजून खात्री नाही.

पोलीस गेल्यावर दार बोटभर उघडलं. फटीतून म्हातारीने खाली बसलेल्या ताईंकडे पाहिलं.

“आता खऱ्या आलात, की सरावाला?”

“खऱ्या,” मोठ्या ताई म्हणाल्या.

“मग आत या. चहा टाकते.”

मला म्हातारीच्या त्या मोठेपणाने इतकं भरून आलं की मी रुमाल काढला, आणि मग तो चष्मा पुसायला काढल्यासारखं केलं. आत सून ओट्याशी उभी होती. साखर किती, असं तिने आम्हाला विचारलं. तिसऱ्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

सदर प्रशिक्षणाचा अहवाल मी यथावकाश पाठवला. निधीदाते त्यातल्या एका गोष्टीवर बेहद्द खूश झाले, ती म्हणजे जिन्यातला शेजाऱ्यांचा सहभाग. त्यांनी लगोलग नवा निधी मंजूर केला: ‘शेजाऱ्यांचे बळकटीकरण’. पलंगाचा विषय मी पुन्हा काढून पाहिला. विषय विचाराधीन आहे.

नव्या निधीची सुरुवात पाहणीने करायची होती. आसपासच्या इमारतींमध्ये घरोघरी जाऊन एकच प्रश्न विचारायचा: आपल्या शेजारच्या एखाद्या घरातून मारहाणीचा, रडण्याचा आवाज येतो का? उत्तर सर्वत्र ‘नाही’ आलं. शंभर टक्के. एवढी समाधानकारक आकडेवारी आमच्या केंद्राला पूर्वी कधी लाभली नव्हती, आणि आम्ही तिथेच थांबलो असतो. पण फोनताईंना सूचना पाळायची सवय कमी. त्या प्रत्येक दारात, निघता निघता, सहज म्हणून आणखी एक विचारून आल्या: “बरं, जिथून आवाज येत नाही, ते घर कुठलं?”

शास्त्रीयदृष्ट्या हा प्रश्न निरर्थक आहे. आवाज न येणारी घरं तर चहूकडे असतात. तरीही ‘म्हणजे काय?’ असं त्यांना कुणीही विचारलं नाही. प्रत्येकाने क्षणाचाही विचार न करता हनुवटीने एक भिंत दाखवली. नेमकी एकच. काहींनी छताकडे बघितलं.

वाचकहो, आपणही आत्ता बघितलंत. कुठे, ते आम्ही विचारणार नाही. तसं विचारू नये, असं आम्हाला प्रशिक्षण आहे.